वहिनीच्या दारावरून जाणारी वाट

फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून कुणी बोलेना, नुसता श्वास ऐकू येत होता. ‘‘हॅलो, कोण बोलतंय?’’ मी दोनदा विचारलं. मग एक बाई हळूच म्हणाली, ‘‘नलूताय, मी येसू. तुमची वहिनी जेली.’’

येसू म्हणजे माझ्या वहिनीची शेजारीण. दोन घरांच्या मध्ये एक चिंचेचं झाड, बाकी काही नाही. पण गेली सहा वर्षं ती वहिनीशी धड एक शब्दही बोलली नव्हती. येसूच काय, गावातलं कुणीच बोललं नव्हतं. त्यामुळे रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं ते हेच, की येसू वहिनीच्या घरात गेली कशी?

‘‘तुला कसं कळलं गं?’’ मी विचारलं.

‘‘धूर नाय दिसला,’’ ती म्हणाली. ‘‘न्हाणीच्या चुलीचा. रोज उठली का पयला तोच बघतंय मी. काल नाय दिसला. वाटलं, बदलापूरला तुमच्याकडं जेली आसंल. आज पन नाय दिसला…’’ आणि फोन बंद झाला.

मी आणि आमचे हे बदलापुरातल्या हेंद्रेपाड्यातून रिक्षा करून निघालो. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. बदलापूरहून बारवीकडे जाताना लागणाऱ्या गावांपैकी ते एक. माझं माहेर. शंभरेक घरं, मारुतीचं देऊळ, ओढा, आणि ओढ्यापलीकडे आमच्या वडिलांची तीस गुंठे जमीन. त्या जमिनीच्या कडेलाच वहिनीचं घर. आम्ही पोहोचलो तेव्हा येसू उंबऱ्याबाहेर बसली होती. वहिनी न्हाणीत होती. पाणी तापवायला वाकली असावी आणि तशीच पडली असावी. येसूनं तिच्या अंगावर स्वतःचं लुगडं घातलं होतं. वाळत घातलेलं, धुतलेलं, घडीच्या खुणा असलेलं. एवढं करून ती पुन्हा बाहेर येऊन बसली होती. समोरच्या घरांच्या ओट्यांवर माणसं उभी होती. कुणी पुढं आलं नाही.

माझी वहिनी, शैला, शेतकऱ्याची लेक नव्हती. उल्हासनगरला कॅम्पात एका चाळीत वाढलेली. वडील शिवणकामाच्या कारखान्यात कटिंग मास्तर, शेजारपाजार सगळा सिंधी. बाजारात गेली की भाजीवाल्यालासुद्धा ‘साईं’ म्हणायची आणि त्याला हसवून भाव उतरवायची. माझा दादा अंबरनाथला एका कारखान्यात फिटर होता. लग्न ठरलं तेव्हा आईनं एकच विचारलं होतं, ‘‘पोरीला चिखलात उतरता येईल का?’’ नव्हतं येत. पहिल्या लावणीत वहिनीनं भाताची रोपं इतकी खोल खोचली की निम्मी कुजली. गावच्या बाया पोट धरून हसल्या. येसू तेव्हा नवीनच लग्न होऊन आलेली. तिनं वहिनीचं मनगट धरून दाखवलं, दोन बोटं आत, बास. तिथून त्यांचं सूत जुळलं ते पस्तीस वर्षं.

वहिनीनं माहेरहून शिवणाचं मशीन आणलं होतं. हळूहळू सगळ्या गावच्या बायांचे ब्लाऊज तिच्याकडे यायला लागले. लग्नसराईत तिच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसायची. बाया मापं द्यायला यायच्या आणि तासतासभर बसायच्या. कुणाची सासू कशी, कुणाला दिवस गेलेत, कुणाचा नवरा कुठे जातो, सगळं तिथे बोललं जायचं आणि तिथेच राहायचं. दादा-वहिनीला मूल झालं नाही. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही, निदान माझ्याजवळ तरी. मी लग्न होऊन बदलापुरात आले, शाळेत कारकुनाची नोकरी लागली, पण दर दिवाळीला माझा ब्लाऊज वहिनीकडचाच. ‘‘वन्सं, हात वर करा,’’ म्हणायची. तोंडात टाचण्या धरून बोलायची, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं मला अंदाजानं समजून घ्यावं लागे.

दादा निवृत्त झाला आणि दुसऱ्याच पावसाळ्यात ते घडलं. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता, गावाबाहेर पडायच्या रस्त्यावरचा पूल पाण्याखाली. दादाच्या छातीत दुखायला लागलं. गावातले लोक धावून आले, मी कुणाला दोष देत नाही. ट्रॅक्टर काढून बघितला, पण पाण्यात घालायची कुणाची हिंमत झाली नाही. तेव्हा डोंगरावरच्या वाडीतून पांडू आणि आणखी चौघे उतरले. वाडीची माणसं आमच्या बांधावरून, वहिनीच्या दारावरून रोज खाली यायची… मोळ्या घेऊन, मजुरीला, पोरांना शाळेत सोडायला. त्यांनी दादाला बाजेवर घातलं, वर प्लास्टिक टाकलं आणि त्याच वाटेनं डोंगर चढून पलीकडच्या रस्त्याला नेलं. दादा वाचला नाही. पण दवाखान्यात पोचला आणि नऊ दिवस जगला. त्या नऊ दिवसांत मी त्याच्या उशाशी बसू शकले. वहिनी त्याला चमच्यानं पेज भरवू शकली. शेवटच्या दिवशी तो तिला म्हणाला होता, ‘‘पांडूला चहा पाजलास का?’’ एवढंच.

पुढच्या काही वर्षांत आमच्या बाजूच्या जमिनी एकेक करून फार्महाऊसवाल्यांकडे गेल्या. भिंती झाल्या, फाटकं झाली. वाडीच्या खाली यायच्या पूर्वी तीन वाटा होत्या, त्यातली आमच्या बांधावरची तेवढी उरली. मग एक मोठं गिऱ्हाईक आलं. त्याला ओढ्यापलीकडचा सगळा पट्टा हवा होता, सलग. एक जरी तुकडा मध्ये राहिला तरी काहीच नको. आणि वाट बंद करून हवी होती.

हा सौदा आणला माझ्या चुलतभावानं. आम्ही त्याला भाऊ म्हणतो. भाऊ वाईट माणूस नाही. मला ओढ्यात पोहायला त्यानंच शिकवलं. गावातली घरं गळत होती, पोरं मोरिवलीच्या कारखान्यांत कंत्राटावर राबत होती, आणि भातातून कुणाचं वर्ष निघत नव्हतं. बावीस घरांचे हात त्या सौद्यात अडकले होते. कुणाला घरावर स्लॅब घालायचा होता, कुणाला मुलीचं लग्न उरकायचं होतं. येसूला तिच्या रमेशसाठी टेम्पो घ्यायचा होता. तो कुठे उभा करायचा, ती जागासुद्धा तिनं झाडून ठेवली होती.

आमच्या सातबाऱ्यावर दोन नावं होती, वहिनीचं आणि माझं. भाऊ संमतीपत्र घेऊन बदलापूरला आला आणि मी सही केली. हे मला स्पष्ट लिहायला हवं. मी सही केली, आणि वरून वहिनीला समजवायलाही गेले. म्हटलं, वहिनी, तू एकटी, वय होतंय, आमच्या शेजारी छोटा फ्लॅट घे, लिफ्ट आहे, दवाखाना खाली आहे. ती मशीनवर काहीतरी शिवत होती. पाय न थांबवता म्हणाली, ‘‘वाट ठेवून घ्या म्हणावं. मी आज सही करते.’’

‘‘तसं ते घेत नाहीयेत गं.’’

‘‘मग वाडीनं कुठून उतरायचं?’’

‘‘ते सरकार बघेल.’’

आता तिचे पाय थांबले. ‘‘वन्सं, त्या दिवशी सरकार आलं होतं का?’’ मग कापड सरळ करत म्हणाली, ‘‘तुमची सही तुमची. मी तुम्हाला काही बोलत नाही. माझी मात्र माझ्याजवळ राहू द्या.’’

सौदा मोडला. त्यानंतर आठवड्याभरात देवळात बैठक झाली आणि गावानं वहिनीला वाळीत टाकलं. कागदावर काही नव्हतं, कुठे दवंडी नव्हती. चक्कीवाला म्हणाला, पट्टा तुटलाय, आणि तो तिच्यासाठी सहा वर्षं तुटलेलाच राहिला. टमटमवाला तिला बघून वेग वाढवायचा. ती दीड किलोमीटर चालत पुढच्या फाट्यावर जायची. लावणीला आमच्याकडे सावड असते, आज सगळ्यांनी तुझ्या शेतात, उद्या सगळ्यांनी माझ्या. त्या वर्षी तिच्या बांधावर कुणी आलं नाही. वाडीच्या बाया आल्या असत्या, पण गावानं त्यांनाही सांगितलं, तिच्या शेतात उतरलात तर आमच्याकडे मजुरी नाही. वहिनीनंच त्यांना परत पाठवलं. एका रविवारी मी आणि आमचे हे गेलो. आम्ही लावलेल्या ओळी इतक्या वाकड्या आल्या की ती बांधावर बसून हसली. त्या वर्षात मी तिला तेवढं एकदाच हसताना बघितलं. तिसऱ्या वर्षी तिनं अर्धं शेत पडीक टाकलं.

गावानं ठरवलं तेव्हा तिच्याकडे अकरा जणींचे ब्लाऊज शिवायला पडलेले होते. कुणी न्यायला येईना. तिनं ते सगळे पुरे केले, हुक लावले, इस्त्री केली आणि पिशवीत भरून माझ्याकडे दिले. ‘‘तुमच्याशी बोलतात ना सगळ्या. देऊन या.’’ मी घरोघर गेले. बायांनी मान खाली घालून घेतले. एकीनं आत नेऊन दार लावलं आणि कापड तोंडाशी धरून रडली. येसूनं मात्र घेतला नाही. ‘‘ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच,’’ म्हणाली. तिच्या अंगणात ती झाडलेली जागा तशीच रिकामी होती.

मी वहिनीला म्हणायची, पोलिसांत जाऊ. असं कुणाला वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, कायदा झालाय. ती म्हणायची, ‘‘आणि नावं कुणाची घालायची? येसूचं घालू?’’

पुढच्या वर्षी रमेशच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेस मशीनखाली गेली. कंत्राटी कामगार, मशीनला गार्ड नव्हता, म्हणे. येसू दवाखान्यातून घरी आली ती थेट चिंचेखाली उभी राहिली आणि वहिनीच्या बंद दाराकडे बघून ओरडली, ‘‘तुझ्या वाटंपायी माझ्या पोराची बोटं जेली! टेम्पोवर बसला आसता तो… टेम्पोवर!’’ हे मला वहिनीनंच सांगितलं, एका सुरात, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतेय असं. मी म्हटलं, ‘‘तू काय म्हणालीस?’’

‘‘काय म्हणणार? तिचं चूक नाहीये.’’

‘‘मग तुझं चूक आहे?’’

‘‘माझंही नाहीये,’’ ती म्हणाली. ‘‘असंही असतं, वन्सं.’’ आणि मला चहा ओतून दिला.

शेवटची दोन वर्षं ती फार कमी बोलायची. बोलायची सवयच मोडली होती. मी गेले की पहिली दहा मिनिटं तिला शब्द सापडायचे नाहीत, आवाज घोगरा यायचा, मग हळूहळू सुटायची. फोनवर तर नुसतं ‘‘हं… हं…’’ मी महिन्यातून एकदा जायची. पुढे दोन महिन्यांतून. कधी गुडघे, कधी नातवाची परीक्षा. कारणं खरी होती, पण कारणंच होती.

अंत्यविधीला गावच्या स्मशानात लाकडं नव्हती. म्हणजे, नाहीत असं सांगण्यात आलं. पांडू आता म्हातारा झालाय, एका डोळ्यानं दिसत नाही. त्यानं वाडीला निरोप धाडला आणि दुपारी बारा-तेरा बाया डोक्यावर मोळ्या घेऊन रांगेनं बांधावरून उतरल्या. बाजारात ज्या विकायच्या होत्या त्याच त्या मोळ्या. खांदा वाडीच्या माणसांनी, माझ्या मुलानं आणि आमच्या ह्यांनी दिला. गावातून जाताना दोन्ही बाजूंची दारं अर्धवट उघडी होती. येसू आमच्या मागून वेशीपर्यंत आली. एकटी, डोक्यावर पदर घेऊन. दुसऱ्या दिवशी तिला देवळात बोलावून जाब विचारला, असं मला नंतर कळलं. ती म्हणाली म्हणे, ‘‘मी जित्या बाईशी बोलली नाय. मेलेलीशी बोलायचं नाय आसं कुठं ठरलं व्हतं?’’

राख सावडायला गेले तेव्हा तिनं मला चिंचेखाली गाठलं. ‘‘नलूताय, डाक्टर काय बोलला? कवा जेली? धूर नाय दिसला त्याच दिशी, का दुसऱ्या दिशी?’’

दाखला लिहिणारे डॉक्टर म्हणाले होते, नक्की सांगता येणार नाही. कदाचित पडल्यावर काही तास जिवंत असतील. मला तेव्हा खोटं बोलता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं, ‘झटक्यात’. पण माझ्या आत सहा वर्षांचा राग होता, आणि त्यातला अर्धा माझा माझ्यावरच होता. डॉक्टर बोलले तेच मी सांगितलं. येसूनं झाडाला हात लावला आणि खाली बसली. मी तिला उठवलं नाही… हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे. नंतर मी तिच्याकडे जाऊन बसले, तिचा हात धरला. पण सांगितलेलं परत घेता येत नाही.

तेरावा झाला आणि भाऊ हेंद्रेपाड्याला आला. चहा घेतला, वहिनीबद्दल दोन बरे शब्द बोलला, डोळे पुसले. खोटे नव्हते ते. मग म्हणाला, ‘‘नलूताई, आता तुझं एकटीचंच नाव लागेल. गिऱ्हाईक अजून तयार आहे. तू तर पहिलीच संमती दिलेलीस.’’

मी म्हटलं, ‘‘वाट ठेवून घेतील का?’’

त्यानं कप खाली ठेवला. ‘‘म्हणजे तू पण?’’

मी काही शूर बाई नाही. मी ‘नाही’ असं म्हटलेलं नाही. एवढंच म्हटलं, की तसं विचारून ये. तो विचारून आला नाही. फोनही आला नाही. गेल्या रविवारी मी एकटीच गावी निघाले. फाट्यावर टमटम उभी होती, मागे तीन जागा रिकाम्या. ड्रायव्हर माझ्या वर्गमैत्रिणीचा मुलगा. तो पुढे बघत म्हणाला, ‘‘फुल आहे, मावशी.’’ मी चालत गेले. दीड किलोमीटर किती असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

घर उघडून झाडलं. नंतर शिवणाच्या मशीनचा खण ओढला. सुया, बॉबिन, खडूचे तुकडे, आणि खाली एक लांबट वही. मापांची. एकेका बाईला एकेक पान, वर नाव, खाली उंची, छाती, खांदा, मुंढा, दंडघेर. नेहमीचंच. पण पानं उलटताना लक्षात आलं की मापं सहा वर्षांपूर्वी थांबलेली नाहीत. पुढे वेगळ्या शाईत, टेप न लावता घेतलेली मापं होती. ‘येसू. छातीत दोन इंच कमी. खांदे उतरले. रमेशच्या हातानंतर.’ त्याखाली, ‘येसू. जरा भरली आहे. बरं वाटलं.’ त्याखाली, ‘येसूची सून. माप घेतलेलं नाही. अंदाजे चौतीस. सातवा महिना असावा, टक्स सैल सोडूनच शिवणे.’ चक्कीवाल्याची बायको होती. भाऊची बायको होती. तिच्याशी न बोलणारी प्रत्येक बाई त्या वहीत होती, वर्षागणिक जाडी होत, वाळत, वाकत. मी माझं पान शोधलं.

एक गोष्ट मी आतापर्यंत लिहिली नाही. तीन वर्षांपूर्वी भाऊच्या मुलीचं लग्न झालं. गावातच, देवळासमोर मांडव. मला आग्रहाचं बोलावणं होतं, मी काही वाळीत नव्हते. फाट्यावरून मांडवाकडे जायला जवळचा रस्ता एकच, वहिनीच्या घरापुढून. मी ठेवणीतली निळी साडी नेसले होते. पुढे वरातीची गर्दी होती, म्हणून स्कूटरवरून उतरून मी चालत होते; बॅंड वाजत होता. तिचं दार बंद होतं. मला वाटलं, बरं झालं, घरी नसेल. मी मान वळवली आणि पाय उचलला. मांडवात पंगतीला बसले, दोनदा जिलेबी घेतली, आणि परत येताना आमच्या ह्यांना म्हटलं, मागच्या लांबच्या रस्त्यानं स्कूटर काढा. पुढच्या खेपेला तिला भेटले तेव्हा लग्नाचा विषय मी काढला नाही. तिनंही काढला नाही.

माझ्या पानावर शेवटची नोंद होती ती अशी: ‘वन्सं. भाऊंच्या मुलीच्या लग्नात. निळी साडी, शोभते. ब्लाऊज दुसरीकडून शिवलेला, दंडात रुततोय. भरभर चालल्या तेव्हा दिसलं. पुढच्या वेळी अर्धा इंच सोडणे.’

मी तिच्या स्टुलावर बसले. मशीनसमोरची खिडकी फूटभर रुंद आहे, बाहेरून कुणाच्या नजरेत येत नाही. आतून मात्र रस्ता दिसतो. देवळापर्यंत, सगळा.